ब्लॉग आणि फेसबुकमधून आपल्या पदरात काय पडतं?

गेल्या महिन्यात डबा खाताना ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं विचारलं, "इतकी वर्षं ब्लॉग लिहितेस, फेसबुकवर असतेस. तुला मिळतं काय गं यातून?" पैसे मिळत नाहीत हे तिला माहीत होतं. तिलाही सुरुवात करायची होती, पण कुठून करावी ते सुचत नव्हतं. त्या दिवशी आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत तिला जे जे सांगितलं, ते इथे ओळीनं लिहिते आहे.

आधी माझं उदाहरण सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याच आधारानं येणार आहे. माझी आत्या सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या एका गावात राहते. तिला जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. किती, ते तिलाही सांगता येत नाही. २०१२ च्या दिवाळीत तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिनं म्हटलेल्या तेरा ओव्या मी एका जुन्या डायरीत उतरवून घेतल्या. घरी परतल्यावर मनात आलं, डायरी हरवली तर? म्हणून त्या ब्लॉगवर टाकल्या. पहिल्या आठवड्यात त्या अकरा जणांनी वाचल्या. आज त्या ब्लॉगवर चारशेच्या वर ओव्या आहेत. माझ्या आत्याला मी खऱ्या अर्थानं ओळखायला लागले ते या बारा-तेरा वर्षांत, त्याआधी नाही.

आधी वही

कुठलंही खातं उघडण्याआधी साधी दोनशे पानी वही घ्या. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, हात न थांबवता लिहा. विषय ठरवू नका. शुद्धलेखन बघू नका. चौथ्या दिवशी सगळं वाचून काढा आणि जो विषय आपणहून दोन-तीनदा आला असेल त्याखाली रेघ मारा. माझ्या मैत्रिणीच्या वहीत तीन दिवस तिच्या वडिलांचं सायकलचं दुकान आलं. ती तर पाककृतींचा ब्लॉग काढायच्या विचारात होती!

पंधरा मिनिटं आणि चार दिवस हे आकडे मी मनानं सांगत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यांत क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं होतं. ज्यांनी त्या प्रसंगाबरोबर आपल्या मनाची अवस्थाही लिहिली, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी भरल्या. यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ते लिखाण कुठे छापायचं नव्हतं, चारचौघांत वाचायचं नव्हतं. लिहिण्याचा बराचसा फायदा लिहिणाऱ्याला वहीतच मिळून जातो, त्यासाठी जगाला दाखवावं लागत नाही. म्हणून वहीतलं दुखरं ते वहीतच राहू द्या. भांडण, घटस्फोट, आजारपण, नोकरीतला अपमान, हे ताजं असताना फेसबुकवर टाकलं की चार तासांत शंभर सल्ले येतात आणि आपल्या दुःखावर आपलाच ताबा राहत नाही. वर्षभरानं त्यावर लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा.

एक माणूस डोळ्यांसमोर धरा

"सगळ्यांसाठी" लिहायला बसलं की हात अडतो, किंवा मग भाषण सुरू होतं. मी माझ्या भाचीसाठी लिहिते. ती इंदूरला वाढली. मराठी छान बोलते, पण जातं तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. पहिल्या तेरा ओव्या टाकल्यावर तिचा फोन आला, "मावशी, जात्यात वैरण कशी घालतात? वैरण तर गुरांना घालतात ना?" मला उत्तर देता आलं नाही. मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, जात्याच्या तोंडात एका वेळी जेवढं धान्य सोडतो ती वैरण. मग तिनं उजव्या हातानं खुंटा फिरवल्यासारखं केलं आणि डाव्या हातानं वैरण घालून दाखवली. मूठ घट्ट धरायची नाही, करंगळीकडून थोडी सैल ठेवायची, म्हणजे दाणे सुटत जातात. जास्त पडले तर पीठ जाडंभरडं येतं, कमी पडले तर दगडावर दगड घासतो आणि पीठ कचकचतं. हे सगळं सांगताना तिचा हात हवेत गोल फिरत होता.

मी लहानपणी तिच्या शेजारी बसून दळताना पाहिलेलं आहे, तरी हे मला माहीत नव्हतं. भाचीनं विचारलं नसतं तर मीही विचारलं नसतं. ब्लॉगमधून माझ्या पदरात पडलेली ही पहिली गोष्ट. समोर प्रश्न विचारणारं कुणीतरी धरून लिहिलं, की आपल्याला ठाऊक आहे असं वाटणाऱ्या किती गोष्टी आपल्याला ठाऊक नाहीत ते कळतं, आणि ज्यांना ठाऊक आहे ती माणसं अजून आपल्यात आहेत तोवर त्यांना विचारता येतं.

तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर त्या एका वाचकाचं नाव लिहा.

राहतं घर कुठे, पार कुठे

नव्या माणसाला वाटतं की ब्लॉग आणि फेसबुक यातलं एक निवडायचं असतं. मी दोन्ही वापरते, पण दोघांची कामं वेगळी. लिखाण राहतं ब्लॉगवर. पारावर, म्हणजे फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर, व्हॉट्सॲपवर, आपण माणसांना भेटायला जातो. पारावर बोललेलं पारावरच विरतं. तीन वर्षांपूर्वीची आपलीच फेसबुक पोस्ट शोधून पाहा, म्हणजे लक्षात येईल. ब्लॉगवरचा लेख मात्र गूगलमध्ये शोधणाऱ्याला दहा वर्षांनीही सापडतो.

आणि पार कधीही उठू शकतो. ऑर्कुट हे फेसबुकसारखंच एक संकेतस्थळ जानेवारी २००४ मध्ये आलं, आपल्याकडे कॉलेजची पोरं त्याच्यावर रात्र-रात्र जागली, आणि ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. माझेही गावाकडच्या जत्रेचे साठेक फोटो अशाच एका बंद पडलेल्या संकेतस्थळावर गेले. मूळ प्रती मी ठेवल्या नव्हत्या. त्यातल्या एका फोटोत माझे आजोबा होते. हे लिहिताना आजही वाईट वाटतं, म्हणून जरा निक्षून सांगते: जे जे ऑनलाइन टाकाल, त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवा.

ब्लॉगसाठी ब्लॉगर किंवा वर्डप्रेस, दोन्हींपैकी काहीही चालेल. ब्लॉगर १९९९ साली सुरू झालं आणि २००३ पासून गूगलकडे आहे, त्यामुळे जीमेलचं खातं असेल तर वेगळं काही लागत नाही. वर्डप्रेस २००३ मध्ये आलं. त्यात सोयी जास्त, शिकायलाही थोडं जास्त. पैसे भरून स्वतःचं डोमेन, म्हणजे आपल्या नावाचा वेगळा वेबपत्ता, घ्यायची घाई करू नका. आधी दहा लेख होऊ द्या.

ब्लॉगरवर गेलात की तो ब्लॉगचं नाव विचारेल, मग पत्ता. नाव नंतर हवं तितक्या वेळा बदलता येतं. पत्ता बदलला तर मात्र लोकांनी जपून ठेवलेल्या जुन्या लिंक तुटतात, म्हणून तो छोटा, उच्चारायला सोपा आणि विषयात फार न अडकवणारा ठेवा. सजावट साधी निवडा, पांढऱ्यावर काळी अक्षरं. सेटिंग्जमध्ये बॅकअपचा पर्याय असतो, तिथून सगळ्या लिखाणाची एक फाइल उतरवून घेता येते. दर तीन महिन्यांनी मी ती पेनड्राइव्हवर टाकते. फोटोंचं फोल्डर वेगळं.

टायपिंगची अडचण

यात पुष्कळ जण अडतात आणि सोडून देतात, म्हणून थोडं सविस्तर. मराठी नेहमी युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना सारखीच कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप करा. जुन्या डीटीपीवाल्यांकडून आणलेला, श्रीलिपी किंवा तसल्या फॉन्टमधला मजकूर दिसायला मराठी असला तरी संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात. तो ब्लॉगवर चिकटवला की अगम्य चिन्हांची रांग उमटते आणि शोधणाऱ्याला कधीच सापडत नाही. फोनवर जीबोर्ड हा गूगलचा कळफलक घ्या, भाषांमध्ये मराठी निवडा. रोमन अक्षरांत लिहिलं की देवनागरी येतं, थेट देवनागरी कळफलकही मिळतो आणि माइकची खूण दाबून बोललात तरी अक्षरं उमटतात. आत्याच्या ओव्या मी सुरुवातीला बोलूनच घालायचे, पण बोलीतले शब्द फोन "सुधारून" टाकतो. तिचं "व्हतं" पुसून "होतं" करतो. अशा ठिकाणी प्रत्येक ओळ तपासायलाच हवी. संगणकावर रोज लिहिणार असाल तर इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक शिका. महिनाभर बोटं चाचपडतात, मग आयुष्यभराचा त्रास मिटतो.

आणखी एक बारकी गोष्ट. "दुसऱ्या", "वाऱ्यावर" यातला र नीट आला नाही तर "दुसर्या" असं काहीतरी होतं. जीबोर्डवर ऱ हे अक्षर वेगळं असतं. ते घ्या, हलन्त द्या, मग य. आपल्या भाषेचं अक्षर नीट उमटवणं हा मला वाचकाचा मान वाटतो.

पहिले दहा लेख

एका लेखात एकच गोष्ट. माझ्या मैत्रिणीनं "बाबांचं दुकान" म्हणून बारा पानं लिहून आणली. आम्ही त्याचे सात लेख केले: पंक्चर काढायची पाण्याची घमेली, भाड्यानं दिलेल्या सायकलींची वही, दसऱ्याला हत्यारांची पूजा, असं. पंक्चरचा लेख जेमतेम तीनशे शब्दांचा आहे आणि तोच सगळ्यांत छान आहे. ट्यूब पाण्यात फिरवताना बुडबुडा दिसला की वडील त्यावर कॉपिंग पेन्सिलीनं गोल करायचे आणि तिला विचारायचे, "सापडला का चोर?" हे वाचलं आणि ते दुकान मला दिसलं.

मथळा साधा द्या. "आठवणींच्या हिंदोळ्यावर" असं नाव दिलं तर तो लेख शोधून कुणाला सापडणार? "माण तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्या: भाऊबीज" असा मथळा दिला की ज्याला तेच हवं आहे तो बरोबर येऊन पोचतो. लेखाखाली तारीख, ठिकाण आणि हे कुणी सांगितलं ते लिहा. त्या दोन ओळींची किंमत वीस वर्षांनी कळते.

किती वेळा लिहावं? पंधरा दिवसांतून एकदा पुरे. रोज लिहीन अशी शपथ घेणारे संक्रांतीपर्यंतही टिकत नाहीत.

माणसांत जा

दहा लेख झाले की पारावर यायचं. आल्या आल्या आपली लिंक वाटत सुटू नका. लग्नघरी शिरल्या शिरल्या आपल्याच मुलाचे गुण सांगणाऱ्या पाहुण्यासारखं ते होतं. माझा नियम असा: आपलं एक टाकायच्या आधी दुसऱ्यांच्या पाच लेखांवर मनापासून प्रतिक्रिया द्यायची. "छान", "अप्रतिम", अंगठा, हे त्यात धरायचं नाही. काहीतरी भर घाला, नाहीतर खरा प्रश्न विचारा. आपल्याकडे मायबोलीसारखी संकेतस्थळं १९९६ पासून आहेत आणि तिथली जुनी जाणती मंडळी नवख्याच्या खऱ्या प्रश्नाला अतिशय मनापासून उत्तर देतात, हा माझा अनुभव आहे. फेसबुकवर गावाचे, जुन्या भांड्यांचे, शेतीचे, किल्ल्यांचे गट आहेत. दोनच निवडा आणि तिथे नियमित जा.

प्रतिक्रिया कमी येतात म्हणून खचू नका. वेबसाइटच्या वापराचे जाणकार जेकब निल्सन यांनी २००६ साली लिहिलं होतं की अशा ठिकाणी साधारण शंभरातले नव्वद जण नुसतं वाचतात, नऊ जण कधीमधी बोलतात आणि एकच नेमानं लिहितो. तेव्हा गप्प वाचणारा हा रुसलेला नसतो. बहुतेक माणसं तशीच असतात.

आता त्या अकरा वाचकांकडे येते. त्यातल्या एक बाई बेळगावच्या होत्या. तीन महिन्यांनी त्यांनी लिहिलं, "तुमच्या ओवीत भाऊ घोड्यावर बसून येतो. आमच्या आईच्या ओवीत तो बैलगाडीतून येतो आणि सोबत चोळीचा खण आणतो. बाकी चाल तीच." त्यांची-माझी ओळख असायचं काही कारण नव्हतं. आज त्यांनी पाठवलेल्या साठेक ओव्या त्यांच्या आईच्या नावासह ब्लॉगवर आहेत. त्यांनीच मला गी पॉईटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या कामाबद्दल पहिल्यांदा सांगितलं. पुण्यात राहून या दोघांनी आपल्या साथीदारांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून तो ठेवा 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर पाहायला आणि ऐकायला मिळतो. तिथे शोधताना आत्याच्या एका ओवीची जवळजवळ सख्खी बहीण मला दुसऱ्याच तालुक्यातल्या बाईच्या तोंडी सापडली. मी ती आत्याला फोनवर ऐकवली, तेव्हा ती पलीकडून गुणगुणायला लागली.

लांबच्या ओळखी इतक्या कामाच्या का ठरतात, याचं उत्तर समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ सालीच दिलं होतं. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकती नोकरी बदललेल्यांना त्यांनी विचारलं, की नोकरीची खबर कुणाकडून कळली? ओळखीतून नोकरी लागलेल्यांमध्ये सहातल्या एकालाच ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. कारण उघड आहे. रोजच्या माणसांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतंच. घोडा माझ्या घरात होता, बैलगाडी बेळगावात होती.

जपायच्या गोष्टी

दुसऱ्याबद्दल लिहिताना आधी त्याला वाचून दाखवा. आत्यानं सासूवरच्या दोन ओव्या काढायला लावल्या. "त्या जात्यापाशीच म्हणायच्या असतात," म्हणाली. मी काढल्या. लहान मुलांची नावं, शाळा, गणवेशातले फोटो टाकू नका. गावाला जातोय हे परत आल्यावर सांगा. घरचा पत्ता आणि फोन नंबर ब्लॉगवर नको, वेगळा ईमेल ठेवा. दुसऱ्याची कविता अख्खी उचलून टाकू नका. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क राहतो.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, त्यामुळे आता ऑनलाइन काहीही लिहिलं तरी चालतं असा काहींचा समज आहे. तसं नाही. अब्रुनुकसानीचा कायदा जागेवर आहे, एखाद्यावर नाव घेऊन आरोप करताना हात आवरा. कुणी त्रास देऊ लागलं तर वाद घालत बसू नका. स्क्रीनशॉट घ्या आणि ब्लॉक करा. धमकी, बदनामी असेल तर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. पैशांची फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करा, पहिल्या काही तासांत केलेल्या फोनचा उपयोग जास्त होतो.

तुमचं लिखाण कुणीतरी नाव काढून व्हॉट्सॲपवर फिरवेल, हे मात्र धरून चाला. आत्याच्या भाऊबिजेच्या ओव्या मलाच माझ्या सोसायटीच्या गटावर "एका अज्ञात कवयित्रीच्या" म्हणून आल्या. मला राग आला होता. मी तिथे आत्याचं नाव, गाव आणि ब्लॉगची लिंक टाकली. त्यातून दोन नवे वाचक मिळाले.

महिन्याचा हिशेब

आकडे दाखवणारं पान मी महिन्यातून एकदाच उघडते. रोज उघडलं की पुढच्या वेळी काय लिहायचं ते आकडा ठरवायला लागतो. फोनमधल्या सूचना बंद ठेवा, फेसबुकला दिवसाची एक ठरलेली वेळ द्या. माझी रात्री साडेनऊ ते दहा.

त्याऐवजी महिनाअखेरीला वहीत दोन रकाने आखा. एकात या महिन्यात नवीन काय कळलं, दुसऱ्यात कोण भेटलं किंवा कुणाशी पुन्हा बोलणं झालं. सलग तीन महिने दोन्ही रकाने कोरे राहिले तर विषय, गट किंवा वेळ यातलं काहीतरी बदला. आणि एखाद्या गटातून उठल्यावर दर वेळी चिडचिड होत असेल, आपलं घर, आपला पगार, आपलं दिसणं उणं वाटत असेल, तर तो गट त्याच दिवशी सोडा. त्यासाठी तीन महिने थांबायची गरज नाही.

माझ्या गेल्या महिन्याच्या पहिल्या रकान्यात एकच नोंद आहे. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे, फोनवरचं वाचता येत नाही. म्हणून लेखाखालच्या प्रतिक्रिया मी छापून नेते आणि तिला वाचून दाखवते. बेळगावच्या बाईंनी नवीन एक ओवी पाठवली होती, तिची दुसरी ओळ मी दोनदा वाचली. आत्यानं डोळे मिटले, हात गोल फिरवला आणि म्हणाली, "ही अर्धीच हाय. हिच्या म्होरं आणखी दोन ओळी हायेत, लिवून घे."